साडेसातच्या दिशेला

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती, तर एव्हाना कुठेतरी नीट संपवली असती.

गेल्या महिन्याच्या सतरा तारखेची, मंगळवारची दुपार. पावणेचार वाजले होते. जागा म्हणजे मी अकरा वर्षं जिथे नोकरी करतो ते हेडफोनचं दुकान. बाहेर लख्ख ऊन, रस्त्यावर वर्दळ, समोरच्या सलूनमध्ये रेडिओ चालू. असलं काही घडण्याची ती वेळ नव्हती आणि जागा तर नव्हतीच नव्हती.

तरी घडलं.

देवाला स्मरून सांगतो, यात एक शब्दही पदरचा नाही.

आधी दुकान समजून घ्या, म्हणजे पुढचं नीट कळेल.

पुढे काउंटर आणि मागे एक खोली. तिला आम्ही ‘कानाची खोली’ म्हणतो. दहा बाय दहा, खिडकी नाही, भिंतींना आणि छताला काळा फोम. दार लावलं की रस्ता गप्प होतो आणि आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. मधोमध एक फिरती खुर्ची. खुर्चीभोवती जमिनीवर मी पांढऱ्या चिकटपट्टीने घड्याळाचे बारा आकडे काढलेत. समोर बारा, उजव्या हाताला तीन, पाठीमागे सहा, डाव्या हाताला नऊ.

माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं गेम खेळणारी. त्यांच्या दोन जाती.

एकांना आवाज भरलेला हवा असतो. बॉम्ब फुटला की छातीत धडकलं पाहिजे. त्यांना मी बंद हेडफोन देतो. कान पूर्ण झाकणारे, जड बेसचे. बाहेर घर कोसळलं तरी आत कळत नाही.

दुसऱ्यांना पावलं ऐकायची असतात. गेममध्ये शत्रू मागून येतो. तो कुठल्या बाजूने येतोय, किती लांब आहे, हे आधी ज्याला कळलं तो वाचला. या लोकांना बेस नको. बेसच्या ढमढमीत बारीक आवाज बुडतात. त्यांना मी जाळीवाले हेडफोन देतो. त्यांच्या पाठीला जाळी असते, त्यामुळे आवाज मोकळा आणि स्वच्छ येतो. फक्त बाहेरचेही आवाज त्यातून आत येतात.

हे वाक्य मी अकरा वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. बाहेरचेही आवाज आत येतात.

त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

मी स्वतः पहिल्या जातीचा. घरी गेलो की जुनी कीर्तनं लावायची आणि डोळे मिटून बसायचं. मृदंग घुमला, गाणाऱ्याचा आवाज छातीतून आला की माझं मन भरतं. बारीक आवाज ऐकायची माझ्या कानांना सवयच उरलेली नाही. हेही पुढे लक्षात ठेवा.

गिऱ्हाइकाच्या कानाला कुठला हेडफोन जमतो हे बघायची माझी एक रीत आहे. तिला मी ‘फेरी’ म्हणतो. एक लाकडी डोकं आहे, त्याच्या दोन्ही कानांत माइक. तीन वर्षांपूर्वी मी ते डोकं खुर्चीत ठेवलं आणि त्याच्याभोवती स्वतः चाललो. बारापासून सुरुवात, मग एक, दोन, तीन असं पूर्ण फिरून परत बारावर. बारा पावलं. माझीच, माझ्याच बुटांची. मग चार सेकंद शांतता, आणि टेप संपते.

गिऱ्हाइकाने डोळे मिटून खुर्चीत बसायचं. पाऊल जिथे ऐकू येईल तिथे बोट दाखवायचं. बोट माझ्या पावलांबरोबर गोल फिरलं की समजायचं, हा हेडफोन या कानांचा.

आणि बोट चुकलं, तर हेडफोन उलटा घालायला लावायचा. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. चूक बाजू बदलून दुसरीकडे गेली, तर खोट हेडफोनमध्ये. चूक जिथल्या तिथे राहिली, तर खोट कानात.

सोपा हिशेब. आमच्या धंद्यातला कोणीही हेच सांगेल.

मी सगळं वहीत लिहून ठेवतो. आणि गेल्या वर्षभरात वहीत एक गोष्ट अधूनमधून यायला लागली होती.

टेपमधली बारा पावलं संपायची. शांतता सुरू व्हायची.

आणि गिऱ्हाइकाचं बोट पुन्हा वर यायचं…

मागे. डावीकडे. सात आणि आठच्या मधोमध.

“आता कुठे? टेप संपली,” मी म्हणायचो.

“अजून एक पाऊल वाजलं की,” ते म्हणायचे.

सगळ्यांचं असं होत नसे. क्वचित, दोन-अडीच महिन्यांत एखाद्याचं. जाळीवाला घातलेला असतानाच. मी हेडफोन उलटा घालायला लावायचो. माझी बारा पावलं उलटी फिरायची, अगदी बरोबर. पण ते तेरावं… ते जागचं हलायचं नाही. पुन्हा साडेसात.

चूक जिथल्या तिथे. म्हणजे खोट कानात.

मी वहीत ‘डावा कान’ असं लिहायचो. आणि गिऱ्हाइकाला समजावायचो की तुम्हाला जाळीवाला मानवत नाही, त्यापेक्षा बंद घ्या. बंद घातला की ते पाऊल ऐकू येत नसे. माणूस खूश होऊन जायचा. मीही खूश.

मी स्वतः जाळीवाला घालून ती शांतता शंभरदा ऐकली आहे. मला काहीच ऐकू आलं नाही.

आता भिंगरीबद्दल.

भिंगरी म्हणजे माझ्या ताईची मुलगी. वीस वर्षांची. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून मीच ठेवलेलं नाव. पाच वर्षांची असताना मोठा ताप आला, त्यात तिचा डावा कान अधू झाला. त्या कानाजवळ टाळी वाजवली तरी तिला कोणीतरी उशीत बोलल्यासारखं वाटतं. तरी पोरगी गेममध्ये अशी तरबेज की एका मोठ्या संघाने तिला निवड चाचणीला बोलावलं. चाचणी एकवीस तारखेच्या शनिवारी.

पंधरा तारखेच्या रविवारी सकाळी ती दुकानात आली.

“मामा, कान दीड आहे हं माझा. त्या मानाने दाखव.”

“तुझा कान दीड आणि जीभ अडीच. बस खुर्चीत.”

“खुर्ची फिरवायची नाही पण. मागच्या वेळी मला मळमळलं होतं.”

“मागच्या वेळी तू दहा वर्षांची होतीस.”

हसत हसत बसली. मी तिला जाळीवाला दिला. डाव्या बाजूचा आवाज वाढवला. फेरी सुरू केली. बोट सुंदर फिरलं. नऊला, दहाला जरा अडखळलं, पण चुकलं नाही. बारावर येऊन थांबलं. शांतता सुरू झाली.

तिचं हसू हळूहळू मावळलं.

बोट वर आलं…

साडेसात.

“मामा, तू चाललास का आत्ता?”

मी दाराशी उभा होतो, तिच्या समोर. बाराच्या आकड्यावर.

“नाही गं. तुझ्या कानाचा खेळ असेल.”

“पण मी डाव्या कानाने ऐकलं.” तिने डोळे उघडले. “एकदम स्वच्छ. डाव्या कानाने मला असं कधीच ऐकू येत नाही.”

मी हेडफोन उलटा घालायला लावला. पुन्हा साडेसात. मी मान हलवली. बिचारीचा कानच तो, म्हटलं. आणि तिला दुकानातला सगळ्यात चांगला, सगळ्यात बंद हेडफोन माझ्यातर्फे दिला. जड बेस. बाहेरचा काहीही आवाज आत येणार नाही.

“मामा, तू देवमाणूस आहेस,” असं म्हणून गेली.

आता तो मंगळवार.

पावणेचारला एक बाई आल्या. चाळिशीच्या आसपास, साधी हँडबॅग, हातात आमच्याच दुकानाची पिशवी. पिशवीत बंद हेडफोन.

“हा परत घ्या, भाऊ. घरात ठेवावासा वाटत नाही.”

मी हेडफोन ओळखला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने नेला होता. कामावरून आला की तासभर गेम खेळायचा, गमत्या माणूस. आधी हट्टाने जाळीवालाच नेला, दोन आठवड्यांनी येऊन बदलून बंद नेला.

“का हो? साहेबांना आवडला नाही?”

“आवडला होता ना. फार आवडला होता.” बाई काउंटरकडे बघत बोलत होत्या. “पहिला जो नेला होता, त्यात त्यांना मागे कोणीतरी चालल्यासारखं वाटायचं. सारखे वळून बघायचे. मी थट्टा करायची, म्हणायची दुसरी बायको आहे का मागे. मग तुम्ही हा दिला. म्हणाले, आता बरंय, आता मागचा माणूस ऐकू येत नाही.”

मागचा माणूस.

माझ्या हातातला हेडफोन एकदम गार वाटला.

“मग?”

“नवव्या दिवशी गेले. खुर्चीत बसल्या बसल्या. दुपारची वेळ, मी स्वयंपाकघरात होते. हार्ट, म्हणाले डॉक्टर. असेल. पण भाऊ… हेडफोन डोक्यावर होता. उजवा कान झाकलेला. आणि डाव्या कानावरचा भाग… मागे सरकवलेला होता.”

“त्यांनीच सरकवला असेल.”

“दोन्ही हात मांडीवर होते त्यांचे. घट्ट धरलेले.” त्यांनी स्वतःचा हात वर नेला आणि कानाजवळ दोन बोटांनी हलकेच मागे सारल्यासारखं केलं. “हेडफोन घातलेल्या माणसाच्या कानात काही सांगायचं असलं, की आपण कसा सरकवतो… तसा.”

त्या माउलीला मी पाणी दिलं. त्या अर्धा पेला प्यायल्या आणि निघून गेल्या.

मी वही काढली.

पहिल्या पानापासून बघत गेलो. ‘टेप संपल्यावर साडेसात’ असं लिहिलेली सहा नावं होती. पाच गिऱ्हाइकं आणि सहावी भिंगरी. सहाही जणांना मी बंद हेडफोन दिले होते.

पाचांतला एक आत्ताच कळला होता. उरले चार. मी फोन लावत गेलो.

पहिला कुरिअरवाला. फोन त्याच्या भावाने उचलला.

“तो गेला हो. मार्चमध्ये. तुम्ही कोण?”

मी फोन ठेवला.

पुढचे दोन नंबर लागलेच नाहीत.

शेवटची एक दातांची डॉक्टर. तिने स्वतः उचलला.

“मॅडम, हेडफोनच्या दुकानातून बोलतोय. तुम्हाला बंद हेडफोन दिला होता…”

“तो ना, तो मी मैत्रिणीला देऊन टाकला. कान उकडायचे त्यात. मी तुमच्याकडचाच जाळीवाला ऑनलाइन मागवला.”

माझ्या जिवात जीव आला. मग घाबरत घाबरत विचारलं, “त्यात… मागे काही ऐकू येतं का?”

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

“तुम्हाला कसं माहीत?”

“सांगा ना मॅडम.”

“येतो. रोज येतो.” तिचा आवाज खाली गेला. “लांब असतो आधी. खोलीच्या कोपऱ्यात. मग एक पाऊल टाकतो. मग एक. मी वळून बघितलं की थांबतो, आणि मग मागे जातो. दिसत काहीच नाही. मला आता सवय झाली आहे. ऐकू आलं की वळायचं, एवढंच.”

ऐकू आलं की वळायचं.

आणि ज्याला ऐकूच येत नाही, त्याने?

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हेडफोन उलटा घातला तर हेडफोनमधला आवाज बाजू बदलतो. कानातली खोट जागची हलत नाही. एवढं आम्हाला ठाऊक. पण आवाज हेडफोनमध्येही नसेल आणि कानातही नसेल… खोलीतच असेल, तर तोही जागचा हलत नाही.

तो टेपमध्ये नव्हताच. तो जाळीतून आत येत होता.

ती माणसं खरं सांगत होती. आणि मी, त्यांना तो ऐकू येऊ नये याची सोय करून देत होतो. हसतमुखाने, पिशवीत घालून.

भिंगरी दोन दिवस बंद हेडफोन घालून सराव करत होती.

मी तिला फोन लावला. उचलला नाही. कसा उचलणार? घर कोसळलं तरी कळू नये असा हेडफोन मीच दिला होता.

भिंतीवरचा एक जाळीवाला ओढून काढला आणि तसाच निघालो. ताईचं घर दहा मिनिटांवर. मी धावत गेलो. या वयात मला धावताना बघून लोक वळून बघत होते.

ताईने दार उघडलं. हात पिठाचे.

“काय रे, काय झालं? कोणी मागे लागलंय का?”

“भिंगरी कुठे आहे?”

“कुठे असणार, खोलीत. सकाळपासून दार लावून बसली आहे. जेवायला दोन हाका मारल्या, ढिम्म. तूच दिलास ना तो टोप डोक्यावर घालायला.”

मी दार उघडलं.

खोलीत ऊन आलं होतं. भिंगरीची पाठ दाराकडे. पडद्यावर गेम चालू, दोन्ही हात कीबोर्डवर. ती एकटीच होती. हे मी पुन्हा सांगतो. खोलीत ती एकटीच होती.

आणि तिच्या डाव्या कानावरचा हेडफोनचा भाग…

अर्धा मागे सरकलेला होता.

“भिंगरे,” मी हाक मारली.

तिने वळून बघितलं नाही. नुसतं म्हणाली, “हो मामा, ऐकलं. एकदाच सांग ना. कानात कशाला कुजबुजतोस?”

मी दारात होतो. तिच्यापासून आठ-नऊ फुटांवर.

मी झेप घेऊन तो हेडफोन तिच्या डोक्यावरून ओढला आणि जाळीवाला घातला. ती ओरडणार होती. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पोरीचा रंग उडाला. मी तिच्या समोर गुडघे टेकून बसलो आणि म्हणालो, “बोट दाखव. कुठे आहे?”

तिचा हात वर आला.

बोट साडेसातला गेलं नाही. ते तिच्या स्वतःच्याच खांद्यावरून मागे वळलं. इतकं जवळ… की बोटाचं टोक तिच्या केसांना लागत होतं.

“श्वास घेतोय,” ती म्हणाली.

“वळ. बाळा, वळून बघ त्याच्याकडे.”

“मला नाही बघायचं.”

“मी आहे ना. माझा हात धर आणि वळ.”

मी देवाचं नाव घेत होतो, मोठ्याने घेत होतो. तिने माझा हात धरला. खुर्ची हळूहळू फिरली. ती रिकाम्या भिंतीकडे बघत राहिली. मग तिचं बोट अगदी सावकाश सरळ झालं.

“एक पाऊल मागे गेला.”

…

“अजून एक.”

…

“आता कपाटाशी आहे. थांबला.”

ताई दारात पिठाचे हात तसेच धरून उभी होती. तिला हे सगळं कसं दिसलं असेल, मला माहीत आहे. भावाने भरदिवसा येऊन पोरीला रिकाम्या खोलीत भूत दाखवलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी सरळ बोलत नाही.

“तुला काय सांगत होता तो? कानात?” मी भिंगरीला नंतर विचारलं.

“काही नाही.”

“काहीतरी असेल ना?”

“तुझ्या आवाजात बोलत होता,” ती म्हणाली. “म्हणत होता, आता झोप.”

शनिवारच्या चाचणीला ती जाळीवाला घालून गेली. मधे मधे मान वळवून मागे बघायची. बाकीची पोरं हसत होती, कोणीतरी म्हणालं, हिला मानेचा आजार आहे वाटतं. तरी निवड झाली. शत्रू कुठून येतोय हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं म्हणाले. कळणारच. तिच्याइतकं जीव मुठीत धरून कोण ऐकतंय?

मी कानाची खोली बंद केली. फेरीची टेप पुसून टाकली. आकडे खरवडून काढले. त्याने काही फरक पडला नाही.

भिंगरी आता हेडफोन काढत नाही. जेवताना, अभ्यास करताना, झोपतानाही. वायर कशालाच जोडलेली नसते. उघड्या कानाला ती पावलं ऐकू येत नाहीत, म्हणून जाळीतून खोली ऐकत असते. पोरगी अर्धी झाली. गेल्या आठवड्यात दुकानात आली आणि काउंटरवर डोकं टेकून रडली.

“मामा, मला तो बंद दे ना. एक रात्र. मला नुसतं शांत झोपायचंय.”

“नाही.”

“मी मेले तरी चालेल, पण हे ऐकायला नको.”

“भिंगरे, काहीही माग. तेवढं मागू नकोस.”

ताईचा फोन आला. “तुझ्या घरात पोर असतं ना, तर तुला कळलं असतं,” म्हणाली आणि ठेवला. ते लागलं मला. पण दिला नाही.

रोज संध्याकाळी मी तिला फोन करून एवढंच विचारतो, “कुठे आहे?” ती सांगते, “साडेसात. लांब.” मग मी देवाला हात जोडतो आणि दिवस संपतो.

परवा विचारलं तर म्हणाली, “मामा… आज काहीच नाही.”

“नीट ऐक.”

“नीटच ऐकलं. सकाळपासून एकही पाऊल नाही. गेला वाटतं.” आणि हसली. महिन्याभराने हसली पोरगी. मागून ताईचाही आवाज आला, तिने देवापुढे दिवा लावला होता. मला वाटलं, ऐकलं देवाने आपलं.

काल सकाळी आनंदाने मी त्या दातांच्या डॉक्टरना फोन लावला. म्हटलं, त्यांनाही विचारावं. फोन त्यांच्या दवाखान्यातल्या मुलीने उचलला.

“मॅडम नाहीत.”

“कधी येतील?”

“मॅडम गेल्या. गुरुवारी. आदल्या दिवशी किती खूश होत्या. म्हणाल्या, आता तो येत नाही, फार हलकं वाटतंय.”

मी विचार करत राहिलो. पाऊल वाजायचं म्हणजे चालावं लागतं. चालायचं म्हणजे कुठेतरी पोचायचं बाकी असावं लागतं.

जो पोचला आहे… त्याचं पाऊल कशाला वाजेल?

कालपासून मी ताईच्या घरी आहे. ताईने एक शब्द न बोलता आत घेतलं, ताट वाढलं. भिंगरीच्या खोलीत मी एक खुर्ची टाकली आहे. तिच्या मागे, डावीकडे, बरोबर साडेसातला. ती जागा रिकामी ठेवायची नाही, एवढंच मला सुचलं. रात्रभर तिथेच बसलो. आत्ता सकाळचे अकरा वाजलेत. भिंगरी समोर गेम खेळते आहे, मी मांडीवर वही ठेवून हे लिहितो आहे. मधेच देवाचं नाव घेतो, मधेच लिहितो. अजून काही झालेलं नाही.

फक्त मघाशी ती एकदा बोलली. मान न वळवता, अगदी सहज.

“मामा, बस ना खाली. कधीपासून उभाच आहेस.”

मी रात्रीपासून खुर्चीतून उठलेलो नाही.